हाक बांधाची

नामा घरत इतका हळू बोलायचा, की वाण्याकडं जाऊन त्यानं गूळ मागितला तर वाणी आधी कान पुढं करायचा आणि मग ढेपेकडं वळायचा. नवख्या माणसाला वाटे, याला घशाचं काही दुखणं असणार. त्याची बायको गोजरा भर बायकांत चेष्टा करायची. म्हणायची, लग्नात यानं नाव घेतलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही. माझंच घेतलं असेल असं समजून मी नांदायला आले. बायका हसायच्या, नामाही मिशीत हसायचा आणि जाळं विणायला घ्यायचा.

आता गंमत बघा. याच नामाचा आवाज अख्ख्या मोठीखारीत सगळ्यात मोठा होता. मोठा म्हणजे किती, तर खाडीच्या बांधावरून त्यानं हाक घातली की ती भातखाचरं ओलांडून, गाव ओलांडून पलीकडं डोंगराच्या पायथ्याला गुरं राखणाऱ्याच्या कानावर पडायची. आवाज असा होता म्हणूनच तर तो जपून ठेवलेला होता. घरतांच्या घरात बापाकडून मुलाकडं तो यायचा, जमिनीच्या तुकड्यासारखा, आणि वापरायचे त्याचे नियम होते.

मोठीखार म्हणजे उलव्याच्या अलीकडचं, खाडीला खेटून वसलेलं आगरी गाव. आज तिकडं गेलात तर उंचच उंच सोसायट्या दिसतील, लिफ्ट, गेटवर वर्दीतला वॉचमन, आणि बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या एकाही माणसाला पत्ता नसेल की आपण भाताच्या शेतावर राहतोय. त्यांची काय चूक म्हणा. पण सत्तर-ऐंशी सालापर्यंत तिथं नजर पोचेल तिथवर भात होतं. खाऱ्या जमिनीतलं, लालसर दाण्याचं. त्याच्या पेजेला जी चव होती ती आता कुठल्या दुकानात शोधू नका, मिळायची नाही. खाचरातच चिंबोऱ्या सापडायच्या, निवट्या सापडायच्या. चुलीवर भात शिजत घालायचा आणि दाराबाहेर जाऊन कालवणाची सोय करून यायचं. काय दिवस होते ते! आठवले की अजून जीव तुटतो.

हे सगळं खाडीच्या तोंडातून राखणारी वस्तू एकच, ती म्हणजे मातीचा बांध. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की खारं पाणी बांधाला धडका द्यायचं, आणि कुठं चिंबोरीचं बीळ मोठं झालेलं असलं की नेमका तिथं बांध फुटायचा. त्या फुटल्या जागेला म्हणायचं खांड. खांड पडली की बघता बघता खाडी शेतात, आणि एकदा शेत खारं झालं की पुढं काही वर्षं तिथं गवतही धड उगवायचं नाही. म्हणून बांध एकट्यादुकट्याचा नव्हता, गावाचा होता. तो राखायला घरटी माणूस द्यायची जुनी रीत, तिला जोळ म्हणायचे. जोळीत घरतांचं काम ठरलेलं होतं. उधाणाच्या दिवसांत बांधावर फिरायचं, आणि खांड दिसली की हाक घालायची.

"खांऽऽड होऽऽ!" बस्स, एवढीच हाक. ती कानावर पडली की तव्यावरची भाकरी तव्यावर टाकून बायका निघायच्या. एकदा तर अंगाला हळद लागलेला नवरदेव पाटावरून उठून टोपलं घेऊन पळाला होता आणि मांडवातल्या धवलारणी लग्नाचं गाणं अर्धं टाकून त्याच्या मागं. रिकाम्या हातानं कुणी जायचं नाही. टोपलं, फावडं, पेंढ्याची गठडी, काहीच नसलं तर घराचं दार बिजागरीतून उचलून न्यायचं. कुठं जायचं हे विचारायचा प्रश्नच नव्हता.

आणि घरतांनी ही हाक दुसऱ्या कशाला म्हणून घालायची नाही. साप निघाला, आग लागली, चोर आला, तरी नाही. नुसतं मोठ्यानं ओरडायचंसुद्धा नाही. नामा पोरवयात विटीदांडू खेळताना एकदा आनंदानं किंचाळला, तर दोन-चार म्हाताऱ्या टोपली घेऊन दारात येऊन उभ्या. बापानं त्याला खेळातून ओढून घरी आणलं, झोडपून काढलं, आणि मग जवळ घेऊन म्हणाला, "तुजा आवाज तुजा नाय रं. गावाचा हाय." त्या दिवसापासून नामा जो हळू बोलायला लागला तो लागलाच.

सत्तर साली कागद आले. मुंबईला जागा पुरेना म्हणून खाडीच्या या अंगाला नवं शहर व्हायचं होतं, आणि त्यासाठी ठाणं, पनवेल, उरणकडच्या गावोगावच्या जमिनी सरकार घेणार होतं. मोठीखारीत सातवीची फायनल पास झालेला पहिला माणूस म्हणजे सिताराम मास्तर. लोक त्यांच्या ओटीवर जमले. मास्तरांनी अर्ज लिहिला, "मायबाप सरकार, आम्ही अडाणी लेकरं हात जोडून विनंती करतो की". अर्ज घेऊन चार जाणती माणसं तहसीलदाराकडं गेली, दिवसभर बाकावर बसली आणि परत आली. असे किती अर्ज झाले त्याला गणती नाही. मग हळूहळू सभा सुरू झाल्या. आजूबाजूच्या गावांचं मिळून आंदोलन उभं राहिलं, झेंडे आले, आणि मास्तर गावातल्या आमच्या वडाखाली भाषण करायला लागले.

आता मास्तरांचा जीव गावासाठी तुटायचा हे खरं, पण त्यांची भाषणं म्हणजे शाळेतला निबंध. सुरुवात "उपस्थित बंधूंनो आणि भगिनींनो" आणि पुढं अशी जाड जाड वाक्यं की मागं बसलेल्या बायका निवांत कोळंबी सोलायच्या. गडी माणसं तंबाखू मळायची. भाषण संपलं की टाळ्या व्हायच्या, सगळे घरी. मास्तरांना ते कळायचं बरं का, आणि लागायचंही. त्यांचा डोळा नामाच्या गळ्यावर होता. घोषणा तू दे, असं ते कितीदा म्हणाले. नामा सभेला नेमानं यायचा, पुढं बसायचा, पण घोषणेला म्हणून तोंड उघडलं तर शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये असं पुटपुटायचा.

सत्त्याहत्तरच्या मार्गशीर्षातली गोष्ट. मोजणीवाले येणार अशी कुणकुण होती, आणि ते आले की गावानं रस्त्यावर आडवं उभं राहायचं असं वडाखाली ठरलेलं होतं. पण ते आले ते ऐन कामाच्या दुपारी. कुणी मिठागरावर, कुणी खळ्यात झोडणीला, कुणी जेवून लवंडलेलं. वेशीच्या रस्त्यावर जीप आणि मागं पोलिसांची गाडी दिसली तेव्हा तिथं मास्तर एकटे. ते धावत नामाच्या दारात आले. धाप लागलेली, टोपी हातात. म्हणाले, हाक घाल.

नामानं मान हलवली. भलतंच काय मागता मास्तर, ते व्हायचं नाही, असं तो त्याच्या त्या बारक्या आवाजात म्हणाला. तेव्हा मास्तरांनी त्याचा हात धरला.

"नामा, खांड म्हंजे काय रं? पानी आत घुसतं आन जमीन जाते. मंग ती बघ, रस्त्यानं येते ती काय हाय? ती खांड नाय?"

मास्तरांनी जन्मात एवढं चांगलं भाषण केलं नव्हतं, आणि ऐकणारा एकच माणूस होता. नामाला वाटलं, खरंच की. बापानं सांगितलं ते ह्याच जमिनीसाठी ना? तो देवळाच्या पायरीवर चढला, तोंड वेशीकडं केलं आणि हाक घातली.

गाव उठलं. तव्यावरच्या भाकरी टाकून उठलं, खळं टाकून उठलं, टोपली, फावडी, पेंढा घेऊन म्हातारे-कोतारे, पोरंबाळं सगळी धावली. आणि सगळीच्या सगळी धावली बांधाकडं! रस्ता एका टोकाला, बांध दुसऱ्या टोकाला. नामा पायरीवरून हात करतोय, इकडं, इकडं म्हणतोय. पण हाक घातल्यावर घरतांकडं बघत कोण बसतो? दिवस अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे, म्हणजे भरतीला जोर नसतो ते. भांगात खांड कशी पडेल एवढासुद्धा विचार कुणी केला नाही. तिकडं खाडी तळ्यासारखी पडलेली, बांध कसा ठणठणीत, आणि अख्खं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत खांड शोधत पळतंय. इकडं रस्त्यावर मास्तर झेंडा धरून एकटे उभे. मोजणीवाल्यांनी त्यांना बाजूला केलं आणि खुंट ठोकायला घेतले.

पहिला खुंट पडला तो मारोती म्हात्र्याच्या शेतात. मारोती म्हणजे नामाचा जिवाचा मैतर, दोघांची होडी एक, जाळं एक. तो खुंट पडत असताना मारोती बांधावर खांड शोधत होता. तेवढ्यावर भागलं असतं तर निदान पुढं बोलणं झालं असतं. पण त्याची म्हातारी आई डोक्यावर पेंढा घेऊन बांधावरून धावताना घसरली आणि खाली पडली. खुबा मोडला. तिला दारावर घालून घरी आणली ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. पुढच्या पावसाळ्यात गेली बिचारी.

संध्याकाळी नामा मारोतीच्या दारात गेला. मारोतीनं त्याला ओटीवर चढू दिलं नाही.

"आजपास्नं तुजी हाक माज्या कानाला मेली," तो म्हणाला. "खांड पडंल न्हायतर आभाल पडंल. तुज्यासाठी या घरातनं कोनी येनार नाय."

बाकी गाव काही बोललं नाही. मास्तरांनी मीच सांगितलं होतं असं चार लोकांत म्हणावं, याची नामानं महिनाभर वाट पाहिली. मास्तर गप्प राहिले. चळवळीला आधीच तोंड वर काढायला जागा नव्हती, त्यात पुढाऱ्याची फजिती कशाला, असं त्यांनी मनाशी म्हटलं असेल. माणूस वाईट नव्हता, पण तिथं चुकला तो चुकला.

नामाला मारोती तुटल्याचं दुःख होतंच. दोघांच्या त्या होडीकडं बघवत नसे त्याला, किनाऱ्यावर पडून पडून ती उन्हानं तडकली. पण त्याहून मोठी एक भीती त्याच्या पोटात जाऊन बसली. किती पिढ्यांनी ती हाक जपली, ती कधी खोटी पडली नाही, आणि ती आपण खोटी पाडली. आता खरंच खांड पडली, आपण हाक घातली आणि कुणीच आलं नाही तर? शेत गेलं तर एक वेळ सोसेल, पण ती हाक आपल्या हातून मेली असं झालं तर वर जाऊन बापाला तोंड काय दाखवायचं? म्हणून तो उधाणाला बांधावर जास्तच फिरायला लागला. बारीक बीळ दिसलं की गोजराला बरोबर घेऊन तो गुपचूप लिंपून टाकायचा. हाक घालायची वेळच येऊ द्यायची नाही, असा त्याचा खटाटोप चालला होता.

चळवळ मात्र वाढत गेली. मास्तरही बदलले. दहा गावांतून फिरून फिरून त्यांची जीभ मोकळी झाली, निबंध गळून पडला, आगरीत बोलायला लागले आणि लोक कोळंबी सोलायची विसरून ऐकायला लागले. आणि काय सांगावं, त्यांच्या भाषणात ती दुपार आली. "एकदा आपुन पाठ दावून बांधाकडं पलालो! आता रस्त्याकडं त्वांड करून उभं रायाचं!" लोक खो खो हसायचे, मग मुठी वर करायचे. हाक कुणी घातली, कुणी घालायला लावली, हे भाषणात नसायचं. नामा पुढं बसलेला असायचा. दर वेळी मान खाली घालायचा, आणि पुढच्या सभेला पुन्हा यायचा. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत जासईकडं गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवसांत गावोगाव चूल नीट पेटली नाही. नामाही त्या गर्दीत चालून आला होता, मुक्यानं.

सुचित्रा आली ती त्यानंतर, शहाऐंशी सालात. वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणारी, मूळची साताऱ्याकडची, बाप मुंबईत कचेरीत. ती युनिव्हर्सिटीत संशोधन करत होती, आणि विषय काय, तर चळवळीतलं बोलणं. मोर्चे किती निघाले, मागण्या काय होत्या हे नव्हे; लोक बोलले कसे, कुणाला उद्देशून बोलले, कशानं उठले आणि कशानं बसून राहिले. गोजराला हे ऐकून हसू आवरेना. बोलण्याचा अभ्यास करायला ही पोर गावातल्या सगळ्यात मुक्या माणसाच्या घरी आली की!

पण पोरगी हुशार होती. खांद्याला टेपरेकॉर्डर लावून तिनं मास्तरांची भाषणं भरून घेतली, जुने अर्ज वाचले, आणि गोजराच्या चुलीपाशी बसून सांगितलं, "काकी, बघा ना. पहिल्या अर्जात 'मायबाप सरकार' आणि 'आम्ही लेकरं' आहे. चार-पाच वर्षांनी नुसतं 'सरकार' झालं. आणि परवाच्या सभेत मास्तर सरकारशी बोलतच नाहीत, तुमच्याशीच बोलतात. 'आपण, आपण' म्हणतात." गोजराला ते पटलं. खरंच की, ती म्हणाली, आधी साहेबासमोर नवऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडत नव्हतं, आता मी पोलिसाला उलटा सवाल करते. हे कधी झालं ते कळलंच नाही.

मास्तरांच्या भाषणातली ती उलट्या पळण्याची गोष्ट सुचित्रानं पाच-सहा टेपांवर ऐकली होती. तिनं एकदा नामाला सहज विचारलं, काका, त्या दिवशी हाक कुणी घातली होती? नामा उठून गेला. गोजरानं कपाळाला हात लावला आणि त्या गोष्टीचं नाव काढू नको म्हणून बजावलं. सुचित्रानं पुन्हा नाव काढलं नाही. यायची मात्र राहिली नाही. बोंबील निसायला बसायची, निम्मे वाया घालवायची, गोजरा ओरडायची. असे काही महिने गेल्यावर एके दुपारी नामानंच जाळं बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. बाप, देवळाची पायरी, मास्तरांचं बोलणं, मारोतीची आई, सगळं. सांगताना त्याचा आवाज असा बारीक झाला की सुचित्राला अगदी जवळ सरकून बसावं लागलं. टेपरेकॉर्डर पिशवीत होता, तिनं तो काढला नाही.

सगळं ऐकून ती म्हणाली, मास्तर एवढं बोलतात, लोक टाळ्या वाजवतात, घरी जातात. तुमच्या एका हाकेला कुणी भरती-ओहोटी बघितली नाही, तुम्ही कुठं उभे आहात तेही बघितलं नाही. "काका, त्या हाकेचा अर्थ तुम्ही आणि मास्तर बदलायला गेलात. पण तो तुमच्याकडं नव्हताच. लोकांकडं होता."

"म्हंजे चूक माजीच ना बाय," नामा म्हणाला.

"तुमची आणि मास्तरांची, दोघांची. पण हाक मेली असं कुणी ठरवलं? नंतर ती कधी घातलीच नाहीत तुम्ही."

नामानं खाली बघितलं. "तेचीच भीती वाटते," तो म्हणाला. "घातली आन कोनी आला नाय, तर?"

टेपवर एकदा ती हाक घ्यावी असं सुचित्राच्या मनात फार होतं, तसं तिनं चाचरत विचारलंही. नामा तिच्यासमोर पहिल्यांदाच हसला. म्हणाला, तू ती पेटी कुठंतरी लावशील आणि आमची माणसं टोपली घेऊन तुझ्या वाशीला येतील.

तोवर जमिनी कागदावर गेल्याच होत्या. मोठीखारीची खाचरं सरकारच्या नावावर चढलेली, नुसता भराव पडायचा राहिलेला. आज पडेल, उद्या पडेल म्हणत लोक दर पावसाळ्यात भात लावायचे. पोरं न्हावा शेव्याच्या नव्या बंदराच्या कामावर जायला लागली होती, घरात टीव्ही आले होते, जोळीला माणूस द्यायचं कुणी मनावर घेत नव्हतं. बांधावर फिरणारा नामा एकटा उरला होता. त्याला जुनी माणसं म्हणायची, अरे कुणाचं शेत राखतोस? नामा फिरत राहायचा.

पिठोरी अमावास्येचा दिवस, त्यात रविवार. गोजरानं सुचित्राला जेवायला बोलावलं होतं. उधाण भर दुपारचं, वरून पाऊस आणि पश्चिमेचा वारा. पानं घ्यायची झाली तरी नामाचा पत्ता नाही म्हणून सुचित्रा त्याला बोलवायला बांधाकडं निघाली. लांबूनच तिला दिसलं, नामा गुडघाभर पाण्यात वाकून हातानं चिखल लोटतोय. जवळ गेली तर बांधाला दाराएवढी फट, आणि खाडीचं गढूळ पाणी आत लोटतंय. नामानं डोक्यावरचं इरलं फटीत कोंबलं, ते वाहून गेलं. आपला सदरा कोंबला, तोही गेला.

मी गावात जाऊन सांगते, सुचित्रा ओरडली. नामा म्हणाला, तू चिखलातनं पोचेपर्यंत खाडी गावात पोचेल.

तो बांधावर चढला. उभा राहिला. नऊ वर्षं न वापरलेला गळा. सुचित्राकडं त्यानं एकदा असं बघितलं की तिला रडू फुटलं. गप्प राहावं, बुडू द्यावं, असंही आलं असेल त्याच्या मनात. शेत सरकारचं, आणि हाक निदान झाकलेली तरी राहील. पण समोर पोटरीला आलेलं भात पाण्याखाली जायला लागलं होतं. त्यानं गावाकडं तोंड केलं, कानावर हात ठेवला आणि हाक घातली.

"खांऽऽड होऽऽ!"

पहिली हाक फाटली. दुसरी मात्र गेली ती थेट डोंगरावर आदळून परत आली. मग पाऊस तेवढा वाजत राहिला. गावाच्या कौलांवरून धूर निघत होता, सणाचा स्वयंपाक होता. कुणी दिसेना. नामाचे हात खाली आले. तो पुन्हा पाण्यात उतरला आणि पाठ फटीला लावून, पाय रोवून बसला. माणसाच्या पाठीनं खाडी थांबते का कधी? पण दुसरं करणार काय.

सुचित्राला आधी दिसलं ते एक दार. लाकडी दार, शेताच्या मेरेवरून आपल्या आपण पळत आल्यासारखं. जवळ आलं तेव्हा त्याच्याखाली मारोती दिसला, डोक्यावर आपल्या घराचं दार घेतलेला, केस पिकलेले, अनवाणी. त्याच्या मागं गोजरा पेंढा घेऊन, तिच्या मागं बंदरावर काम करणारी पोरं पँट वर दुमडून, सुना, म्हाताऱ्या, टोपली, फावडी, आणि सगळ्यात मागं धापा टाकत सिताराम मास्तर, चष्म्यावर पाणी, बगलेत पाट. अख्खं गाव आलं. मारोतीनं पाण्यात उडी घेतली, दार फटीला लावलं, नामाच्या खांद्याला खांदा भिडवून आडवा उभा राहिला. मागून चिखल पडत गेला, पेंढा पडत गेला, पुन्हा चिखल. सुचित्रानं टोपली वाहिली, दोनदा पडली, पुन्हा वाहिली. भरती उतरायला लागेपर्यंत हात थांबले नाहीत. खांड बुजली.

मग माणसं बांधावर टेकली. मास्तर चिखलातच नामासमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की त्या दिवशी देवळावरून हाक घालायला मीच लावलं होतं. जाडं वाक्य नाही, काही नाही. सगळ्यांचं लक्ष मारोतीकडं होतं. तो नामाकडं पाठ करून पायाचा चिखल निपटत बसला होता.

सुचित्राला राहवलं नाही. तिनं मारोतीलाच विचारलं. मारोतीकाका, जमीन तर सरकारजमा झालीय, भराव पडणार आहे. आणि त्यांच्यासाठी येणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात. मग कसे आलात?

मारोतीनं मान वर केली नाही. "त्याच्यासाठी कोन आला?" तो म्हणाला. "त्याचं त्वांडसुदा मी आज बगितला नाय. हाक बांधाची व्हती."

एवढं बोलून त्यानं आपलं दार तिथंच खांडीत सोडलं आणि तो घराकडं चालू लागला. मास्तरांचं सांगणं त्यानं ऐकलं होतं, पण त्यानं आई परत आली नव्हती. तो नामाशी पुढंही कधी बोलला नाही.

नामानं खाडीकडं तोंड फिरवलं आणि एवढा म्हातारा गडी लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला. गोजरा घाबरली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, त्याचं बोलणं मनावर काय घेता, आणि रडायला काय झालं, बांध तर वाचला.

नामानं ओल्या हातानं डोळे पुसले. "हाक वाचली गो," तो म्हणाला.